प्लायवूडचा मोठा तक्ता घरच्या घरीं कसा कापावा

शेतकऱ्याच्या घरीं लांकडी सामानाची गरज वर्षभर भासते. बियाण्याची पेटी, कोठीच्या खोलींतील मांडणी, अवजारांचें कपाट, अशा कामांस पूर्वीं फळ्या लागत. आतां त्यांची जागा पुष्कळ ठिकाणीं प्लायवूडनें घेतली आहे. परंतु बाजारांत मिळणारा नेहमींचा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे २४४० मिलिमीटर लांब व १२२० मिलिमीटर रुंद असतो. आणि १८ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचें वजन सुमारें ३० ते ३५ किलो भरतें. असें धूड एकट्यानें टेबलावर चढवून कापूं लागल्यास महागाचा माल वायां जातो, आणि प्रसंगीं बोटेंही जातात. यास्तव करवत हातीं घेण्यापूर्वीं तक्त्याच्या आधाराचा विचार करावा.

तक्त्यास केवळ दोन टोकांशीं टेकू देऊन मध्यें कापूं लागलें म्हणजे तो मध्यभागीं खचतो, छेद वरून मिटतो व पातें आवळलें जातें. विजेची गोल करवत अशा वेळीं उसळून चालविणाऱ्याच्याच अंगावर येते. यावर उपाय सोपा आहे. सपाट जमिनीवर सारख्या जाडीचे चार वासे छेदाला समांतर मांडावेत. दोन छेदाच्या एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस. म्हणजे छेद पुरा झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागीं राहतात. पातें तक्त्याच्या जाडीपेक्षां सुमारें ५ मिलिमीटरच अधिक उतरवावें, आणि आपण पात्याच्या सरळ रेषेंत न राहतां किंचित् बाजूस राहावें.

आतां आंखणीविषयीं. करवत स्वतःच्या जाडीइतकें लांकूड खाते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. समजा, १२२० मिलिमीटर रुंदींतून ३०५ मिलिमीटरच्या चार पट्ट्या काढावयाच्या आहेत. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. परंतु पातें ३ मिलिमीटर खात असेल, तर तीन छेदांत ९ मिलिमीटर भुसा होतो व शेवटची पट्टी २९६ मिलिमीटरच उरते. म्हणून सर्व तुकडे प्रथम कागदावर मांडावेत, प्रत्येक छेदाची जाडी त्यांत धरावी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे मोठे छेद आधीं घ्यावेत. करवत सरळ चालावी म्हणून एक सरळ पट्टी दोन शिकंज्यांनीं तक्त्यावर आवळून तिच्या कडेनें करवत न्यावी. तुकडा काटकोनांत आहे कीं नाहीं, हें दोन्ही कर्ण मोजून पाहावें. ते सारखे भरले पाहिजेत.

प्लायवूड हें पातळ थरांचें बनलेलें असून लागोपाठच्या थरांचे तंतू एकमेकांस आडवे असतात. वरच्या थराच्या तंतूंना आडवा छेद घेतला कीं कुसळें उडतात. गोल करवतीचे दांते खालून वर येतात. म्हणून तक्त्याची चांगली बाजू खालीं ठेवावी. ढकलतांना कापणाऱ्या हातकरवतीचे दांते वरून खालीं जातात. तेथें चांगली बाजू वर असावी. जी बाजू फुटण्याचा संभव असेल, तिच्यावर छेदाच्या रेघेवर आधीं धारदार चाकू फिरवावा; त्यामुळें वरचा थर स्वच्छ तुटतो. बारीक व पुष्कळ दांत्यांचें पातें या कामास अधिक चांगलें.

भुसा बारीक असून त्यांत चिकटद्रव्याचाही अंश असतो. सबब काम हवेशीर जागीं, नाक झांकून व चष्मा लावून करावें. पात्यावरील संरक्षक झांकण कधींही काढूं नये, आणि पातें बदलण्यापूर्वीं विजेची पिन काढून ठेवावी. सैल बाह्या व उपरणें यांस या कामांत स्थान नाहीं.

दुकानांत कापून देण्याची सोय असल्यास पहिले एकदोन मोठे छेद तेथेंच करून घ्यावेत; तक्ता गाडींत आणणेंही त्यामुळें सुलभ होतें. तशी सोय नसल्यास शेजाऱ्यास हांक मारावी. घटकाभर दुसऱ्याचे हात आधाराला मिळाले, तर तक्ताही वांचतो आणि आपले हातही वांचतात.