सहा व्होल्टांचा हिशोब

वाळूजचा बजाजचा कारखाना सोळा महिन्यांत उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि पुढच्याच वर्षी कंपनीने एम-८० आणि कावासाकी-बजाज केबी १०० या दोन गाड्या आणल्या. १९९१ मध्ये फोर-एस चॅम्पियन आली, १९९८ मध्ये कॅलिबर वाळूजमधूनच बाहेर पडली. मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणारे आले. व्हेरॉक आणि एन्ड्युरन्स या दोन्ही कंपन्या याच औद्योगिक वसाहतीत वाढल्या. त्यामुळे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घराघरात कुणी ना कुणी दुचाकीच्या एखाद्या तुकड्याशी रोजंदारीने किंवा पगाराने बांधलेलं आहे.

या शहरात १९६० च्या दशकातली जावा चार्ज होत नाही म्हणून गॅरेजला लावली, तर मात्र पंचाईत होते. कॉइल प्लेट, सीडीआय, आरआर युनिट हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत असा पोरगा साइड कव्हर उघडतो आणि समोर आर्मेचर, कम्युटेटर, कार्बन नि एक धुळकट कटआउट बघून थांबतो. त्याचा दोष नाही. त्याच्या जन्माआधीच हे तंत्र नव्या दुचाकींतून गेलं होतं.

रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर गाड्या काढल्या. पुढे सत्तरीत टाकीवरचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मधल्या पस्तीस वर्षांत मराठवाड्यात त्या भरपूर फिरल्या. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर आणि खेडोपाडी दुरुस्त होईल अशी बांधणी. जुन्या २५० सीसी जावाच्या क्रँकच्या टोकावरच डायनॅमो बसवलेला असतो. क्षमता ४५ वॅट, बॅटरी सहा व्होल्टची. बाकी सगळं दुखणं या दोन आकड्यांतून निघतं.

हिशोब मांडून बघा. हेडलाइटला ३५ वॅटचा बल्ब, मागे ५ वॅटचा, आणि इग्निशन कॉइल सरासरी दहा-बारा वॅट खाणार. बेरीज पन्नाशी ओलांडते. डायनॅमो पूर्ण जोमात असला तरी ४५ च देणार, उरलेलं बॅटरीतून जाणार. हेडलाइटला २५ वॅटचा बल्ब लावला की जमाखर्च कसाबसा जुळतो. तोही इंजिन चांगलं फिरत असेल तेव्हा. क्रांती चौकात सिग्नलला उभं राहिल्यावर नाही. तिथे चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो आणि जुने चालक त्याकडे लक्षही देत नाहीत. ही गाडी दिवसा दिवा बंद ठेवून चालवणाऱ्या माणसासाठी बनवली होती. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, कारण मागे तेवढी वीज देणारा जनरेटर असतो. जावाच्या मालकाने हौसेने तीच सवय लावून घेतली, वर हॅलोजन बल्ब बसवला, की बॅटरी आठवड्यात झोपलीच. आणि पॉइंट इग्निशन बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे बॅटरी झोपली की गाडीही झोपली.

मग निदान होतं: डायनॅमो गेला.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. जुन्या गाडीच्या चार्जिंगचं काम हातात घेणाऱ्याने डायनॅमो खोलण्याआधी वायरी मोजाव्यात, असं माझं ठाम मत आहे. सहा व्होल्टच्या यंत्रणेत दाब कमी, त्यामुळे तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टच्या तुलनेत प्रवाह दुप्पट लागतो. आपल्या नहर-ए-अंबरीचं उदाहरण घ्या. मलिक अंबरच्या काळात डोंगरातलं पाणी शहरात आलं ते पंपावाचून, केवळ उतारावर. उताराचा दाब तेवढाच असतो. नळ अरुंद किंवा गाळाने भरलेला असेल तर पाणी शेवटच्या हौदापर्यंत पोचत नाही. सहा व्होल्टच्या वायरीचं तसंच आहे.

आकड्यांत सांगायचं तर ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळपास सहा अँपिअर ओढतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन दोन मीटर धरली, तर तिच्यातच जवळजवळ अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. तेवढंच अंतर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने जोडलं, तर तोटा एक दशांश व्होल्टच्या आत येतो. सहातला अर्धा म्हणजे आठ टक्के, ऐकायला किरकोळ. पण तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, त्यामुळे आठ टक्के दाब गेला की पाव उजेड गेला. आणि हे फक्त वायरीचं. स्विचचा काळवंडलेला संपर्क, होल्डरला धरलेलं हिरवं किटण, रंगाच्या थरावर आवळलेला अर्थिंगचा बोल्ट, प्रत्येक जागी थोडं थोडं गळत जातं. चाळीस पावसाळे झेललेल्या चेसीवर असे सांधे डझनाने असतात.

तपासायला महागडं काही लागत नाही. हेडलाइट चालू ठेवायचा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर. जो आकडा दिसेल तो वाटेतला तोटा. मग तसंच मायनसच्या बाजूने, बॅटरीपासून हेडलाइटच्या कवचापर्यंत. दोन्ही मिळून पाव व्होल्टच्या वर गेलं तर डायनॅमोला हात लावायचा नाही, आधी वायरिंग. बाजारात तयार ‘वायरिंग सेट’ मिळतात, पण बऱ्याच वेळा ते बारा व्होल्टच्या गाड्यांच्या अंदाजाने बारीक वायरीचे असतात. जावाला तसा सेट घातला की नवं वायरिंग होऊनही दिवा मंद तो मंदच, आणि मालक मिस्त्रीला शिव्या देतो. त्यापेक्षा जुनं वायरिंग न तोडता सबंध बाहेर काढावं, फळीवर खिळ्यांनी ताणावं, त्याच मापाचं नवं जाड वायरीत बांधावं. लग नुसता पकडीने चेपून सोडू नये, डाग द्यावा. अर्थ चेसीच्या भरवशावर न सोडता हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढावी. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. जुन्या कापडी वेष्टणाची वायर टाकीखाली घासून शॉर्ट झाली तर वर पेट्रोल असतं.

एवढं झाल्यावरही चार्जिंग येत नसेल तर डायनॅमो. त्यातही आधी साध्या गोष्टी. कार्बन झिजून आखूड झालेत का, स्प्रिंग मऊ पडली का, क्रँकचं ऑइल सील गळून कम्युटेटरवर चिकट थर बसला का. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर कार्बन उड्या मारतो. तो अभ्रक बारीक करवतीच्या पात्याने खाली घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत आणखी एक गंमत होते. डायनॅमोला वीज तयार करायला लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्व लागतं. ते विरलं की सगळं ठीक असूनही मीटर शून्यावर. अशा वेळी बॅटरीची वायर फील्डला क्षणभर टेकवून ते परत जागवतात. क्षणभराच्या या कामापायी लोकांनी डायनॅमो बदललेले आहेत.

आणि आर्मेचर खरोखर जळलं असेल तर? इथे मराठवाड्याकडे एक ठेवा आहे. जालना, पैठण, गंगापूर, कन्नड, कुठल्याही तालुक्याच्या गावी रस्त्याला लागून मोटार भरून देणाऱ्याचं दुकान असतं. विहिरीवरची, बोअरची मोटार उन्हाळ्यात कमी दाबाच्या विजेवर जळते, शेतकरी ती टेम्पोत टाकून आणतो आणि दोन दिवसांत भरून नेतो. वेढे मोजायचे, गेजने तारेची जाडी घ्यायची, जुनी तार जाळून काढायची, खाचेत कागद घालून नवी भरायची, वार्निश पाजून भट्टीत सुकवायची. जावाच्या आर्मेचरला याहून वेगळं काही लागत नाही, फक्त खाचा लहान असतात, म्हणून हात नाजूक हवा. काम जुन्याहून सरसही होतं, कारण पूर्वीचं इनॅमल साधारण १०५ अंशांपर्यंतच टिकायचं आणि आजच्या चांगल्या तारेचं इनॅमल १५५ किंवा १८० अंश सोसतं. पुण्या-मुंबईचे शौकीन आर्मेचरसाठी परदेशी विक्रेत्यांकडे चौकशी करत बसतात. आपल्याकडे उत्तर मोंढ्याच्या वाटेवर असू शकतं. मात्र भरणाऱ्याला सांगावं लागतं की हे डीसी आहे आणि कम्युटेटरवरचा प्रत्येक सांधा कोणत्या पट्टीवर होता याचं चित्र आधी काढून ठेव. चित्र न काढता तार ओढली तर पुढे कुणाचाच इलाज चालत नाही.

कटआउटबद्दल मी कठोर आहे. त्याच्या आत दोन कामं चालतात: डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की जोडायचं, आणि दाब फार चढला की फील्ड तोडत राहायचं. हे सगळं स्प्रिंग आणि टंगस्टनच्या टोकांवर. पन्नास वर्षांनी स्प्रिंगचा ताण आणि टोकांची झीज कुणी कितीही जुळवली तरी ती महिनाभरात हलते. त्याच डब्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा. बाहेरून काही दिसत नाही आणि दाब सातच्या थोडा वर स्थिर राहतो. सहा व्होल्टच्या बॅटरीला चार्ज होताना साधारण ७.२ लागतात, सतत त्यावर गेलं तर पाणी उडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हे जास्त सांभाळायचं. शिसं-आम्लाच्या बॅटरीला लागणारा दाब उष्णतेबरोबर उतरतो, दर सेलमागे दर अंशाला तीन-चार मिलिव्होल्ट. पंचवीस अंशांवर बरोबर असलेला रेग्युलेटर बेचाळीस अंशांत सहा व्होल्टच्या बॅटरीला पाचवा हिस्सा व्होल्ट जास्त देतो. लेह-मनालीत जी बॅटरी पाच वर्षं चालेल ती इथे दोन उन्हाळ्यांत कोरडी पडते, त्यामागे हेही एक कारण. सहा व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या आता सहज मिळत नाहीत. इमर्जन्सी लाइटमधली ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवरची बंद बॅटरी जुन्या रबरी डब्यात लपवणं ही सध्याची सोपी युक्ती आहे. भांडार छोटं, पण गाडी सुरू होते.

आता बारा व्होल्टचा वाद. जावावाले दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा करतात, आणि तिथे दोन जावावाले भेटले की या विषयावर तासभर जातो. एक वाट सोपी आणि खर्चिक: चेक किंवा जर्मन बनावटीचा नवा चुंबकी जनरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच. तो बॅटरीशिवायही गाडी सुरू करतो. दुसरी वाट गमतीची. जुनाच सहा व्होल्टचा डायनॅमो ठेवून रेग्युलेटर बारा व्होल्टचा लावायचा. डायनॅमो जोरात फिरला की बारा व्होल्ट देतोच, प्रवाह अर्धा झाल्यामुळे वायरीतला तोटाही उतरतो. अडचण एकच: चार्जिंग सुरू व्हायला जास्त फेरे लागतात. वेरूळच्या रस्त्याला, दौलताबाद मागे टाकून घाटाकडे निघाल्यावर, हे झकास चालतं. जालना रोडवर संध्याकाळी सात वाजता चिकलठाण्यापर्यंत जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

बुलेटवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्याकडे डायनॅमोऐवजी चुंबकी अल्टरनेटर आहे, आणि बारा व्होल्टच्या अनेक जुन्या बुलेटमध्ये कॉइलचे दोन गट केलेले: एक गट हेडलाइटला थेट एसी पुरवणार, दुसरा बॅटरी भरणार. त्यामुळे गाडी उभी असताना दिवा धडधडतो आणि दिवसा हेडलाइटच्या वाट्याची वीज वाया जाते. दोन्ही गट एकत्र आणून पूर्ण लाटेच्या रेक्टिफायरमधून डीसी करणं हे काम मन लावून केलं तर अर्ध्या दिवसाचं आहे, आणि माझ्या मते त्या गाडीवर करण्यासारखी ती पहिली सुधारणा आहे. सावधगिरी एवढीच, की जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक चेसीला असायचं. ते न बघता आजचा रेक्टिफायर जोडला की तो जळायला क्षण पुरतो.

या सगळ्याला कायद्याचीही एक किनार आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरती. अट अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. या तिन्हींत वायरिंगचं नाव नाही. पण क्रँकवरचा डायनॅमो काढून परदेशी जनरेटर चढवला तर तो इंजिनातला बदल मानायचा की नाही, यावर तपासणी करणारा माणूस काय म्हणेल याचा भरवसा कोण देणार? म्हणून बारा व्होल्ट करणाऱ्याला माझं सांगणं असतं की काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नका. गुंडाळून, तेल लावून, कपाटात ठेवा, आणि नव्या वायरिंगचं चित्र रंगांसकट कागदावर काढून सीटखाली चिकटवा.

याच नियमाने वाळूजच्या पहिल्या केबी १०० गाड्या २०३६ मध्ये पन्नाशीच्या होतील. त्यांचे मॅग्नेट, कॉइल आणि वायरिंगचे मूळ तुकडे आजच भंगारवाल्याकडे वजनावर जात आहेत. ज्यांनी ते वाळूजच्या लाइनवर जोडले, त्यांतले पुष्कळजण सिडकोत, बजाजनगरात निवृत्त होऊन बसले आहेत. कुठली वायर कुठे जाते, ते सध्या तरी त्यांना विचारता येतं.