वाकड्या वाटेने शेरबुर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून आइल ऑफ वाइट हे बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाशी खडूचे पांढरे सुळके समुद्रातून वर आले आहेत. त्यांना नीडल्स म्हणतात. शेवटच्या सुळक्याच्या पायथ्याशी 1859 साली बांधलेले दीपगृह उभे आहे. इथून दक्षिणेला, इंग्लिश खाडीपलीकडे, फ्रान्सचे शेरबुर बंदर सुमारे 60 सागरी मैल म्हणजे 110 किलोमीटर दूर. नऊ-दहा मीटर लांबीची शिडाची नौका सरासरी पाच नॉट वेगाने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल जाते. म्हणजे बारा तास झाले. संध्याकाळी निघावे, सकाळी फ्रान्सला लागावे. रात्रभराची पहिली सफर करू पाहणारे कितीतरी ब्रिटिश हौशी नाविक म्हणूनच हा मार्ग निवडतात.

वेळेचा हिशेब सोपा असला तरी दिशेचा तसा नाही. या खाडीतले पाणी भरती-ओहोटीबरोबर साधारण सहा तास पूर्वेकडे वाहते आणि पुढचे सहा तास पश्चिमेकडे. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मध्यावरही हा प्रवाह दोन-तीन नॉटचा होतो. नौकेचाच वेग जिथे पाच, तिथे ही ओढ थोडीथोडकी नव्हे. चालत्या आगगाडीच्या डब्यात आडवे चालणाऱ्या माणसासारखी नौकेची गत असते. तिला वाटते आपण दक्षिणेला चाललो आहोत, आणि पायाखालची जमीन भलतीकडेच निघालेली असते.

ही ओढ आधीच मोजून ठेवलेली आहे, हेच मोठे नवल. प्रवाहांच्या नकाशांची एक पातळ पुस्तिका मिळते. तिचे तेरा नकाशे असतात: एक डोव्हरच्या पूर्ण भरतीच्या वेळेचा, सहा त्याआधीच्या तासांचे आणि सहा नंतरच्या तासांचे. नकाशाभर बाण आणि बाणांशेजारी ‘12,21’ असे आकडे. दशांशचिन्ह गाळलेले असते. भांगाच्या, म्हणजे सर्वांत सौम्य, भरतीला 1.2 नॉट आणि उधाणाला 2.1 नॉट, असे ते वाचायचे. मधला स्वल्पविरामही उगाच नाही. प्रवाह जिथे मोजला, साधारण त्याच जागी तो छापलेला असतो.

आता बारा तासांची बेरीज करायची. समजा, पहिल्या सहा तासांत पाणी नौकेला 11 मैल पश्चिमेला नेणार आणि पुढच्या सहा तासांत 13 मैल पूर्वेला. वजाबाकी करता उरतात 2 मैल. म्हणजे शेरबुरच्या 2 मैल पश्चिमेचा नेम धरायचा आणि होकायंत्रावर तीच एक दिशा रात्रभर राखायची. नौका आधी पश्चिमेला वाहवत जाते, मग पूर्वेला परतते. तळाच्या जमिनीवर तिची वाट रेखाटली तर नागमोडी दिसेल. मध्यरात्री जीपीएसच्या पडद्यावर आपण सरळ रेषेपासून कैक मैल ढळलेले दिसतो, आणि नेमके तेव्हाच काही करायचे नसते. नवख्याच्या हाताला ते जमत नाही. तो सुकाणू वळवून रेषेवर राहू पाहतो, म्हणजे आधी पश्चिमवाहू पाण्याशी झुंजतो आणि मग पूर्ववाहू पाण्याशी. दोन नॉटच्या आडव्या प्रवाहात पाच नॉटची नौका रेषेला चिकटून ठेवली तर रेषेवरचा वेग साडेचार नॉटच्या आसपास येतो आणि पोहोचायला तासभर उशीर होतो. वाकड्या वाटेने जाणारा लवकर पोहोचतो, हे गणित कागदावर सोडवून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मेख आहे ती बारा तासांत. वारा पडून वेग चार नॉटवर आला की प्रवास पंधरा तासांचा होतो आणि पाण्याची तिसरी पाळी सुरू होते. मग सगळी बेरीज बिघडते. म्हणून दर तासाला वेग, दिशा आणि ठिकाण वहीत टिपायचे, आणि वेग अमुक नॉटखाली आला की इंजिन सुरू करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकायचे. शेरबुरजवळ तर प्रवाह मध्यापेक्षाही जोरदार असतो. पोहोचण्याच्या वेळी पाणी ज्या बाजूकडून येत असेल, त्या बाजूला थोडे जास्त राहावे, हा तिथला जुना शिरस्ता. एकदा बंदर ओलांडून खाली वाहवत गेलात, की ते समोर दिसत असूनही गाठता येत नाही.

दुसरे प्रकरण जहाजांचे. दक्षिणेला जाताना आधी डावीकडून पश्चिमेला निघालेली जहाजे भेटतात आणि खाडीचा मध्य ओलांडला की उजवीकडून पूर्वेला जाणारी. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. प्रत्येक दिवा नाकासमोरून बाजूला 112.5 अंशांच्या टापूतच दिसतो. त्यामुळे नुसता तांबडा दिसला तर जहाज आपल्यासमोरून डावीकडे चालले आहे आणि दोन्ही दिसले तर ते थेट अंगावर येते आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खुल्या समुद्रात इंजिनावरच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यायची असते. पण वीस नॉटने येणाऱ्या कंटेनर जहाजासमोर या नियमावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाती धरायच्या होकायंत्राने त्या दिव्याची दिशा दर दोन मिनिटांनी मोजावी. दिशा बदलत असेल तर ठीक. ती तशीच राहून दिवा मोठा होत गेला तर टक्कर अटळ आहे. तेव्हा वेळीच आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतके वळावे.

माणसांचे नियोजन थोडक्यात सांगता येते. दोघे असतील तर तीन-तीन तासांची आलटून पालटून पहारापाळी. अंधारात डेकवर येणाऱ्याने लाइफ जॅकेट घालून पट्टा नौकेला अडकवलेलाच हवा. केबिनमध्ये तांबडा दिवा, कारण पांढऱ्या उजेडाने दिपलेले डोळे अंधाराला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात.

पहाट होण्यापूर्वी फ्रेंच किनारा टप्प्यात यावा असे वेळापत्रक आखतात, कारण दिवसा नुसती करडी रेघ दिसते, तर रात्री दीपगृहे आपली ओळख पटवून देतात. शेरबुरच्या पूर्वेला गातव्हीलचे दीपगृह आहे. 1835 मध्ये पुरे झालेला हा मनोरा सुमारे 75 मीटर उंच आहे. त्याला 365 पायऱ्या आणि 52 खिडक्या असल्याचे सांगतात. दर दहा सेकंदांनी त्याचे दोन झोत येतात. आधी ढगांवर नुसता उजेड फिरताना दिसतो, कारण दिवा अजून पृथ्वीच्या गोलाईआड असतो. सुमारे वीस मैलांवर तो क्षितिजावर येतो. त्या घडीला कॉकपिटमध्ये उभे राहिले तर दिवा दिसतो आणि खाली बसले तर बुडतो. डोळ्यांची आणि दिव्याची उंची ठाऊक असली की अंतर निघते, होकायंत्राने दिशा मिळते आणि नकाशावर आपली जागा पक्की होते. जीपीएसची गरज लागत नाही.

शेरबुरचा बाहेरचा बंधारा 1783 मध्ये बांधायला घेतला आणि 1853 मध्ये पुरा झाला. त्याच्या आडोशामुळे भरतीच्या कोणत्याही वेळी इथे शिरता येते, आणि पहिल्या सफरीला हे बंदर निवडण्याचे तेही मोठे कारण आहे. ब्रिटिश नौकेने शिरताना पिवळा बावटा चढवायचा आणि पारपत्राची तपासणी करून घ्यायची. वाऱ्याचा अंदाज मात्र दोनदा तपासावा. वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि अशा रात्री बेत पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. पहिल्यांदा निघणाऱ्याने भांगाची तारीख आणि जून महिना निवडावा. तेव्हा प्रवाह मंद असतो आणि खरा अंधार जेमतेम पाच-सहा तासांचा.