माणूस काढता येत नाही?

शिक्षक बंधुभगिनींनो, शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राचा भाग असतो. बाजार, पाणवठा, शेतातली कामे. झाडे मुले झोकात काढतात, बैलगाडीही बरी उतरते. माणूस आला की हात अडखळतो. डोके हंड्याएवढे, हात आखूड, आणि लुगड्यातली बाई म्हणजे उभी ठेवलेली घंटाच! मग मूल म्हणते, "मला चित्रकला येत नाही." माझ्याकडे महाविद्यालयात येणारी हुशार मुलेही हेच सांगतात, इतके ते लहानपणी मनात बसलेले असते. वास्तविक त्यांच्या हातात काही खोट नसते. मोजून पाहायला त्यांना कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

माप म्हणून डोकेच घ्या, टाळूपासून हनुवटीपर्यंत. प्रौढ माणसाची उंची अशा सुमारे साडेसात डोक्यांची भरते. आपल्या जुन्या मूर्तिकारांचेही असेच माप होते. ते चेहऱ्याच्या लांबीला 'ताल' म्हणत आणि नवताल मूर्ती नऊ तालांची घडवीत. उंचीचा मध्य कमरेशी नव्हे, त्याखाली जांघेशी येतो. हात सोडले की कोपर कमरेशी आणि बोटे मांडीच्या मध्यावर. डोळे डोक्याच्या मधोमध; मुले ते कपाळावर चढवतात! वर्षाचे मूल मात्र चारच डोक्यांचे असते. म्हणून मोठा माणूस लहान करून काढला, तर ते कडेवरचे मूल होत नाही.

हे आकडे पाठ करण्यासाठी नव्हेत. एका मुलाला भिंतीशी उभे करा. बाकीच्यांनी हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर त्याचे डोके मोजावे आणि ते माप खाली उतरवीत न्यावे. सहाच डोकी भरली, तर सहाच काढावीत. समोर दिसते ते खरे.

आता कपड्याच्या चुण्या. चुणी उगीच पडत नाही. कापड खांदा, कोपर, कंबर, गुडघा अशा कुठल्या तरी टेकूवर असते. तिथून ते लोंबते, नाहीतर दुसऱ्या टेकूकडे ताणले जाते. धान्य निवडायला बसलेल्या आईकडे पाहा बरं. गुडघ्यावर लुगडे ताणलेले, तिथे चुणी जवळजवळ नाही. जांघेत दुमडले, तिथे चुण्यांची गर्दी. कापडाचाही स्वभाव असतो. घोंगडीच्या घड्या मोजक्या आणि गोलसर, मलमलीच्या पुष्कळ आणि बारीक, खळ दिलेल्या कापडाच्या कोनदार.

तेव्हा आधी फिक्या रेषांनी शरीर काढावे, मग त्यावर वस्त्र चढवावे. प्रत्येक चुणीला विचारावे, "तू कुठून निघालीस?" उत्तर मिळाले नाही, तर ती खुशाल पुसावी. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे तिथेच शिकवणारे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बायका मुलांना अवश्य दाखवा. वस्त्राखाली चालते-बोलते शरीर आहे, हे तिथे लगेच पटते.

आणि एक करा. प्रत्येकाला आपल्या आईचे, काम करताना बसलेले, एक चित्र काढून आणायला सांगा. चेहरा जमला नाही तरी चालेल. ती बसते तशीच बसलेली दिसली, की पोराचा हात वळू लागला असे समजा, आणि ते त्याला वर्गासमोर सांगा.