धामापूर: देवीच्या दारातलं पाणी

मालवणला आलेला पर्यटक किल्ला पाहतो, तारकर्लीच्या समुद्रात डुंबतो, सुरमईच्या ताटाचा समाचार घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. कुडाळच्या रस्त्यावर अर्ध्या तासात धामापूर येतं, तेव्हा बहुतेकांचा डोळा लागलेला असतो. डोंगरांच्या बेचक्यातला हा तलाव अजून शांत राहिला, त्याचं थोडं श्रेय या दुपारच्या झोपेला द्यायला हवं.

इतिहास थोडक्यात असा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने १५३० मध्ये हा तलाव बांधला. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ ची, म्हणजे तलाव किल्ल्यापेक्षा सव्वाशेहून अधिक वर्षांनी थोरला. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. हा मान मिळवणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं स्थळ.

मान मिळाला तो बांधणाऱ्यांच्या शहाणपणाला. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि शिमगा उलटला की विहिरी तळ दाखवू लागतात. इथे डोंगरांमधल्या घळीला मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवलं. तेच पाणी पाटाने धामापूर आणि काळसे गावांच्या शेतात जातं. पावसाळी भात कापून झालं की वायंगणी भात उभं राहतं, माड-पोफळीच्या बागा हिरव्या राहतात. पाचशे वर्षं होत आली, बांध आपलं काम करतोच आहे.

तलाव पाहावा तो सकाळी. बांधावरून चालताना एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली बागायत. होडीत बसायचं तर पायडलवाल्या बोटीपेक्षा वल्ह्याची होडी घ्यावी, म्हणजे पाखरं बुजत नाहीत. मधोमध बुडी मारणारी टिबुकली, खुंटावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, काठाच्या फांदीवर टपलेला खंड्या, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. समोरच्या झाडीत पंखांचा मोठा फडफडाट झाला तर मान वर करावी, धनेश असण्याची शक्यता असते.

काठावर भगवतीचं देऊळ आहे. त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. याच पायऱ्यांवर एका वयस्कर गृहस्थांनी मला दागिन्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी गावात लग्न ठरलं आणि घरात सोनं नसलं की लोक फुलांची परडी तलावात सोडत. फुलांचेच दागिने करून ठेवायचे: हवा तेवढा ऐवज, हव्या त्या घडणीचा. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा तिच्यात खरे दागिने असायचे. लग्न लागलं की ते पुन्हा पाण्यात सोडायचे. मग कुणा एकाने ते परत केलेच नाहीत आणि देवीने हात आखडता घेतला. तळ्यातून भांडी मिळण्याच्या कथा महाराष्ट्रात गावोगाव आहेत, पण नवरीला सोन्याने मढवणारं तळं विरळा. "देवी आजव देतली," ते म्हणाले, "पण परत हाडून देतलो माणूस खय आसा?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बांधापासून हाकेवर दिसत होतं. झुडपांत अडकलेल्या कुरकुऱ्यांच्या पिशव्या, पाण्यात तरंगणाऱ्या बाटल्या, गाडीतल्या स्पीकरवर लागलेलं गाणं. मान मिळाल्याचा आनंद होतोच. पण वारसा म्हटलं की लगेच फरसबंदी, दिवे आणि सेल्फी पॉइंट सुचतात, त्याची धास्तीही वाटते. या तलावाला सजावट नको आहे. गाळ, पाट आणि काठची झाडी यांच्याकडे वेळच्या वेळी लक्ष दिलं तर पुरे.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोकण रेल्वेचं कुडाळ स्थानक सोयीचं, तिथून मालवणच्या रस्त्यावर धामापूर लागतं. नौकाविहार चालू आहे का याची आधी चौकशी करावी, होडीत बसताना लाइफ जॅकेट घालावं आणि पाणी खोल असल्याने पोहण्याचा मोह टाळावा. दुर्बीण जरूर न्यावी. खाऊ नेला तर त्याची वेष्टणं मात्र स्वतःच्या पिशवीतून घरी परत आणावीत.