फळीवरचा दगड

१९४१ सालची गोष्ट. स्टॉकहोममध्ये लहानगी कारीन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. पिप्पी लाँगस्टॉकिंग हे नाव तिने तिथल्या तिथे रचले आणि तिची गोष्ट सांग म्हणून आईपाशी हट्ट धरला. आईने सांगितली. ही आई म्हणजे स्वीडनच्या बालसाहित्यकार आस्त्रिद लिंडग्रेन.

पुढे १९४४मध्ये बर्फावर पाय घसरून त्यांचा घोटा दुखावला. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी ती गोष्ट लघुलिपीत उतरवली. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केले. दुसऱ्याच्या स्पर्धेत १९४५ साली त्याला पहिले पारितोषिक मिळाले. घोडा सहज उचलणारी, एकटी राहणारी, मोठ्यांना न भिणारी पिप्पी सत्तरहून अधिक भाषांत पोहोचली.

मुलांची बाजू त्यांना इतकी नेमकी कशी कळली? १९०७ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आस्त्रिदचे बालपण मोकळेपणात गेले. पण एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधीच त्या आई झाल्या. मुलगा लार्स तीन वर्षे कोपनहेगनला दुसऱ्या बाईंकडे वाढला. पैसे साठवून त्या आगगाडीने त्याला भेटायला जात. एकट्या पडलेल्या मुलाचे दुःख त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते, ते उगाच नव्हे.

१९७८मध्ये जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना जाहीर झाला. भाषणाचा मजकूर आधी वाचून आयोजकांनी सुचवले, की भाषण न करता पुरस्कार घ्यावा. त्यांनी साफ नकार दिला आणि फ्रँकफुर्टमध्ये एक गोष्ट सांगितली. मुलाला शिक्षा करायची म्हणून आई त्यालाच छडी शोधून आणायला पाठवते. मुलगा रडत परततो. छडी सापडली नाही, पण हा दगड मला मारता येईल, असे सांगतो. आईचे डोळे उघडतात. मारणारी आई मुलाला कशी दिसते, हे तिला कळते. तो दगड ती स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवते.

पुढच्याच वर्षी घरातही मुलांना मारण्यास बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. हे केवळ एका भाषणाने घडले नाही. तिथे विचार आधीपासून चालू होता. पण त्या विचाराला लोकांच्या मनात घर करून देणारी गोष्ट लिंडग्रेन यांनी दिली. २००२ साली त्या गेल्या.

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातला उगारलेला हात मात्र कायद्याच्या आधी आपणच थांबवायचा आहे. त्यासाठी एखादा दगड आपल्याही फळीवर असायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)