बंदी आहे, तरी नाव पाठ!

आजचा प्रश्न साधा आहे. महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला कायद्याने वय २५ लागतं. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. मग आठवीतल्या पोराला व्हिस्कीच्या ब्रँडची नावं कशी काय पाठ?

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांमध्ये दारूची जाहिरात चालत नाही, थेटही नाही आणि आडूनही नाही. कंपन्यांनी पळवाट काढली. बाटली दाखवायची नाही. त्याच नावाचा सोडा, पाणी किंवा म्युझिक सीडी दाखवायची. नाव तेच, लोगो तोच. यालाच सरोगेट जाहिरात म्हणतात. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, तेव्हा बंगळुरूच्या संघाचं नावच एका व्हिस्कीवरून ठेवलं गेलं. शाळकरी मुलं ते नाव घेऊन ओरडतात, त्यांना व्हिस्की माहीतही नसते.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सरोगेट जाहिरातींना मनाई केली. पण त्याच नियमात एक सूट आहे: जाहिरातीत बाकी काही आक्षेपार्ह नसेल, तर नुसतं ब्रँडचं नाव वापरलं म्हणून ती सरोगेट ठरत नाही. आता बघा, मुलांच्या डोक्यात बसतं ते नावच ना?

आम्ही कोड लिहिणारे याला ब्लॅकलिस्ट म्हणू. नको त्या गोष्टींची यादी करायची, बाकी सगळं आत येऊ द्यायचं. यादीत नसलेलं काहीतरी रोज नवीन सापडतंच.

फ्रान्सने १९९१ च्या एव्हँ कायद्यात उलटं केलं. तिथे व्हाइटलिस्ट आहे. टीव्ही आणि सिनेमात जाहिरात नाही, मुलांच्या मासिकांत नाही. जिथे चालते तिथेही काय सांगायचं ते ठरलेलं: अल्कोहोलचं प्रमाण, कुठे बनली, कशी बनली वगैरे. पार्टी, मैत्री, यश असलं काही विकायचं नाही. वर आरोग्याचा इशारा सक्तीचा.

म्हणून रग्बीचा 'हायनेकेन कप' फ्रान्समध्ये 'एच कप' झाला. आता तो 'एच' कशाचा हे चाहत्यांना कळायचंच, म्हणजे तिथेही फट राहिलीच. पण फरक बघा: तिथे नाव झाकावं लागलं, आपल्याकडे ते जर्सीवर मिरवतं.

त्यामुळे नवीन नियम आला की एकच तपासा: तो बाटली झाकतो की नाव? नाव मोकळं असेल, तर मुलांसाठी काहीच बदललेलं नाही. भेटू पुढच्या भागात!