षडंग आणि सहा नियम : कलेतिहासाच्या तौलनिक लेखनातील एक प्रश्न

आधुनिक कलेतिहासलेखनाचा आरंभ वाझारीच्या १५५० मधील कलावंत-चरित्रांपासून धरण्याचा प्रघात आहे. तथापि चिनी लेखक चांग येन-युआन याने इ. स. ८४७ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रकारांच्या चरित्रांबरोबरच चित्रसंग्रहांच्या जतनाचा व नाशाचाही विचार आढळतो. परंतु आद्यतेचा मान युरोपकडून आशियाकडे सोपविल्याने दृष्टी बदलत नाही; केवळ नाव बदलते.

ही अडचण अवनींद्रनाथ ठाकुरांच्या षडंगविवेचनात स्पष्ट होते. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही चित्राची सहा अंगे नोंदविली आहेत. चीनमध्ये सहाव्या शतकात श्ये हे याने चित्रकलेचे सहा नियम सांगितले. अवनींद्रनाथांनी या दोहोंची तुलना केली. ‘आशिया एक आहे’ या ओकाकुरांच्या १९०३ मधील प्रतिपादनाची पार्श्वभूमी तिला होती. भारतीय कलेला ‘प्रतीकात्मक’ या आरंभीच्या अवस्थेत बसविणाऱ्या हेगेलीय मांडणीच्या संदर्भात अशा तुलनेचे मोल नाकारता येत नाही.

मात्र संख्यासाम्य म्हणजे संकल्पनासाम्य नव्हे. ‘सादृश्य’ आणि वस्तूच्या आकाराशी अनुरूपता सांगणारा चिनी नियम यांची सांगड घालता येईल. परंतु श्ये हेचा दुसरा नियम कुंचल्याच्या अस्थिवत् बळाचा, तर सहावा पूर्वकृतींच्या अनुकृतीतून होणाऱ्या परंपरासंक्रमणाचा आहे. षडंगात त्यांना प्रतिरूप नाही. ‘लावण्ययोजना’लाही चिनी यादीत नेमके स्थान सापडत नाही.

या भेदाचे एक कारण ग्रंथांच्या प्रयोजनात शोधता येते. श्ये हे सत्तावीस चित्रकारांची सहा श्रेणींत प्रतवारी करीत होता. त्याचे नियम विशिष्ट, नामवंत व्यक्तींच्या मूल्यमापनाशी निगडित आहेत. यशोधर चौसष्ट कलांपैकी ‘आलेख्य’ या पदाचे विवरण करीत होता. कोणा चित्रकाराचा निवाडा करणे हे त्याचे कार्य नव्हते. एक समीक्षाग्रंथ, दुसरा टीकाग्रंथ. दोहोंना ‘सौंदर्यशास्त्र’ या एकाच सदराखाली आणताना जी चौकट गृहीत धरली जाते, ती पुन्हा युरोपीयच असते.

म्हणून तौलनिक अभ्यासकाने संज्ञांच्या जोड्या जुळविण्यापूर्वी प्रत्येक संहिता कोणासाठी, कोणत्या लेखनप्रकारात आणि कोणत्या हेतूने रचली गेली, हे विचारणे आवश्यक ठरते. पाश्चात्त्य दृष्टीपलीकडचा कलेतिहास ‘आशियाई एकते’तून नव्हे, तर आशियांतर्गत भेदांच्या अशा सूक्ष्म नोंदींतून सिद्ध होऊ शकेल.